शत्रूच्या मुलखात आई

जीपच्या बाबतीत मी खेळते तो व्हिडिओ गेम अगदी टाकाऊ आहे, हे आधीच सांगून टाकते. वळणावर ती जीप अशी घसरते की कुणी रस्त्यावर तेल सांडून ठेवलंय असं वाटावं, आणि चाकाला जरा दगड लागला की उलटी होऊन आकाशाकडे चाकं फिरवत बसते. गोष्टही यथातथाच. कुठल्याच नकाशावर न सापडणारा एक डोंगराळ मुलूख, तो परक्या फौजेनं बळकावलेला, आणि आपण तिथे मागे राहून गेलेला सैनिक. एकेक चौकी घ्यायची, पूल उडवायचे, शेवटी एका टकल्या जनरलला गाठायचं. कानातल्या वायरलेसवर एक साहेब सारखा ओरडत असतो, वेळ नाही, घाई कर; आणि तुम्ही आठवडाभर नदीकाठी मासे बघत बसलात तरी त्याची घाई तेवढीच राहते. शत्रूचे शिपाई इतके विसरभोळे, की गोळीबारानंतर झुडपात दम धरून बसलं तर थोड्याच वेळात ‘वारा असेल’ म्हणत परत फिरतात. गावातल्या माणसांना तर दोन-तीनच वाक्यं येतात, आणि तीच ती सगळ्यांना.

तरीही मी तो गेम सोडला नव्हता, त्याचं कारण त्यातला उजेड. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना होस्टेलच्या एका खोलीत आम्ही मुलींनी जुने कॉम्प्युटर वायरींनी जोडून खेळायला सुरुवात केली, तेव्हापासून मी पुष्कळ युद्धं लढले. पण असा उजेड कुठे पाहिला नव्हता. संध्याकाळ होताना ऊन डोंगराच्या कडेनं हळूहळू वर सरकतं, खाली दरीत सावली साठत जाते, वाऱ्यानं सगळं गवत एकदम एका बाजूला झुकतं, आणि फार लांब कुठल्याशा घरातून धूर निघताना दिसतो. जे दिसतं तिथे जाता येतं, ही या ओपन वर्ल्ड म्हणवणाऱ्या गेमची खरी गंमत. टोकाच्या डोंगरावर एखादं एकटं झाड दिसलं की निघायचं, वाट असो नसो, आणि बऱ्याच वेळानं त्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं. कुणी शाबासकी देत नाही, काही मिळत नाही. माझ्या लातूरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, त्यामुळे मला एवढं पुरत होतं.

लातूरला मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. सकाळची बॅच आणि संध्याकाळची बॅच यांच्या मधली दुपार माझी. लग्न केलं नाही. विचारणारे आता विचारून थकले. दुपारी घरी यायचं, पडदे ओढायचे, कूलर लावायचा आणि त्या मुलखात निघून जायचं, असा माझा शिरस्ता होता. उन्हाळ्यात खोलीभर वाळ्याचा वास सुटायचा, कूलरचा आवाज गेममधल्या वाऱ्यात मिसळून जायचा, आणि मग आपण जागे आहोत की झोपेत, हे मला कितीदा तरी नीट सांगता आलं नसतं.

या दुपारींमध्ये आई आली ती वॉकर धरून.

वडील गेल्यावर ती नांदेडला आमच्या घरात एकटी राहत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. नोकरीची सुरुवातीची वर्षं किनवटच्या जंगलातल्या गावांत गेली, बाकीची नांदेडच्या आसपास. गेल्या हिवाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बॉल बदलला, आणि मी तिला सरळ लातूरला घेऊन आले. टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण आई चालेना. वॉकर धरून उभी राहायची आणि समोरच्या चकचकीत फरशीकडे, चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तशी बघत राहायची. पलंगापासून बाथरूमपर्यंत जायचं तरी माझा हात लागायचा, आणि तो हात ती इतका घट्ट धरायची की माझ्या मनगटावर वळ उठायचे.

तिला हवं होतं ते एकच. नांदेडला आपल्या घरी परत जायचं. ‘वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, मी आपल्या विहारात असले पाहिजे,’ हे तिनं हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या आल्याच मला बजावलं होतं. पण एकटीनं राहायचं तर चालता यायला हवं, आणि चालायचं तर पडायची भीती जायला हवी. ती भीती काही जाईना. आई दिवसेंदिवस गप्प होत चालली, आणि जी बाई वर्गात नुसती शिरली तरी मुलं चिडीचूप व्हायची ती माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली.

मी क्लासवरून आल्यावर ती सोफ्यावर बसून माझा गेम बघायची. बघायची म्हणजे डोळे तिकडे असायचे. एके दुपारी कुणा मुलाच्या वडिलांचा फोन आला म्हणून मी कंट्रोलर सोफ्यावर टाकून गॅलरीत गेले. पालकांचे फोन लवकर संपत नाहीत. परत आले तर माझा सैनिक नदीकाठानं चालत होता. कंट्रोलर आईच्या हातात होता, आणि ती त्यातली ती छोटी काडी इतक्या हलक्या बोटानं दाबत होती की सैनिक पळत नव्हता, चालत होता. अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकत.

मला खरंच माहीत नव्हतं की त्या गेममध्ये चालता येतं. मी कायम पळतच आले होते. आणि चालल्यावर तो मुलूख निराळाच दिसत होता. मी पळताना जे बगळे उडून जायचे ते तिच्या सैनिकाच्या शेजारून पाण्यात चोच घालत होते. हरणं मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. वाळूवर पावलांचा आवाज वेगळा, खडीवर वेगळा. नदी सोडून तिनं सैनिकाला झाडीत वळवलं आणि पायाखाली पाचोळा वाजायला लागला, तसा तिचा चेहरा बदलला. सागाचा पाचोळा असाच वाजतो, ती म्हणाली. किनवटला ती नवीन असताना रेल्वेतून उतरून शाळेच्या गावापर्यंत अशाच जंगलातून एकटी चालत जायची, हे मला आधी ऐकून माहीत होतं. पण त्या दुपारी तिनं ते असं सांगितलं की जणू ती कालच जाऊन आली होती: कुठे मोहाचा सडा पडायचा, कुठल्या वळणावर चप्पल हातात घेऊन नाला ओलांडावा लागायचा, आणि उशीर झाला की ती स्वतःला धीर द्यायला मोठ्यानं पाढे कसे म्हणायची.

मी दुसऱ्याच दिवशी आणखी एक कंट्रोलर आणला. तो गेम दोघांना एकाच टीव्हीवर खेळता येतो. पडद्याचे दोन भाग होतात, डावीकडे एक सैनिक, उजवीकडे दुसरा. ही त्याची जमेची बाजू, कारण हल्लीच्या गेममध्ये शेजारी बसून खेळायची सोय कुणी ठेवत नाही. आईच्या हातात बंदूक आली तेव्हा तिनं ती कशी खाली ठेवायची ते आधी विचारलं. मी म्हटलं, लढाईचा गेम आहे, बंदूक ठेवून कसं चालेल?

“मी सकाळी पंचशील म्हणते अन् दुपारी माणसं मारू का?” ती म्हणाली.

मग आमचं वाटप ठरलं. मारामारी माझ्याकडे, दुर्बीण तिच्याकडे. त्या गेममध्ये दुर्बिणीतून शिपायाकडे बघत बटण दाबलं की त्याच्या डोक्यावर नारिंगी त्रिकोण उमटतो, आणि मग तो भिंतीआड गेला तरी आपल्याला दिसत राहतो. याला गेमवाले काहीही म्हणोत, आई त्याला खूण करणं म्हणायची. ती उंच टेकडीवर बसून सगळ्या चौकीला खुणा करायची आणि मी त्या टाळून आत शिरायचे. ती असल्यावर मी फारशी मारामारी करतच नव्हते. मागच्या बाजूनं जायचं, दारूगोळ्याची पेटी उघडायची, परत यायचं. खिडकीच्या पडद्यामागे लातूरचं ऊन भाजत असायचं आणि आम्ही दोघी कुठल्याशा थंड डोंगरावर धुक्यातून चालत असायचो. कधी माझा डोळा लागायचा. जाग आली तरी कानावर तिच्या सैनिकाची पावलं यायची, संथ, पाचोळ्यातली, आणि मला शाळेच्या सुट्टीत दुपारी झोपवलं जायचं तेव्हासारखं वाटायचं. इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

मग ती एकदा कड्यावरून पडली. म्हणजे तिचा सैनिक पडला. सूर्यास्त बघत बघत तिनं त्याला एक पाऊल जास्त पुढे नेलं आणि तो दरीत गेला. आई किंचाळली आणि तिनं स्वतःचा खुबा दोन्ही हातांनी धरला. पडदा लाल झाला, काळा झाला, आणि मग सैनिक छावणीत शेकोटीजवळ उभा दिसला, कपडेसुद्धा न मळलेले. आईनं विचारलं, मेला का? मी म्हटलं, मेला, पण आला परत. त्या दिवशी तिनं पुढे खेळायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासवरून आले तर ती एकटीच खेळत होती. सैनिक कड्याच्या टोकावर उभा होता. तिनं त्याला खाली ढकललं. तो पडला, मेला, छावणीत उभा राहिला. ती त्याला घेऊन पुन्हा चढायला लागली. मी बघत राहिले. मग तिनं थोडी कमी उंच जागा निवडली, मग आणखी कमी. झाडाएवढ्या उंचीवरून पडल्यावर तो ‘हं’ करून गुडघ्यावर येतो आणि हात टेकून उठतो. ते उठणं ती पुन्हा पुन्हा बघत होती: आधी कुशीवर, मग गुडघा, मग हात.

मी आत जाऊन चहा टाकला, पण मला बरं वाटत नव्हतं. आईचं काही बिघडलं की काय, असं मनात येऊन गेलं. चहा देताना मी तिला समजावून सांगितलं की हा या गेमचा सगळ्यात मोठा दोष आहे. एरवी बंदुकीच्या आवाजापासून बुटांच्या नाड्यांपर्यंत सगळं खऱ्यासारखं, आणि माणूस एवढ्यावरून पडला तर त्याला काहीच होत नाही, म्हणजे फसवणूकच की. जाणकार लोक या गोष्टीवरून त्या गेमला चिक्कार नावं ठेवतात. आईनं सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि सैनिकाला पुन्हा तेवढ्याच उंचीवरून पाडलं.

असे बरेच दिवस गेले. आमच्या घरात रोज दुपारी एक सैनिक पडत होता आणि उठत होता. एकदा मी संध्याकाळच्या बॅचवरून परत आले तर दार आईनं उघडलं. मला ते लगेच लक्षात आलं नाही. मी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि मग मला वॉकर दिसला. तो फ्रीजशेजारी उभा होता आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घातला होता. आई भिंतीला बोटं लावून स्वयंपाकघरात गेली. फोडणीचा वास आला. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाला मध्येच कुठेतरी ठेच लागली.

कारण मला ती जायला नको होती. हे मी तिला बोलले नव्हते, पण सरळ लिहायला काय हरकत आहे? कित्येक वर्षं मी कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरत आले होते आणि त्याचं मला काही वाटत नाही असं सगळ्यांना सांगत आले होते. आता घरी आल्यावर दिवा लागलेला असायचा. कुणीतरी विचारायचं, आज मुलांना काय शिकवलंस. दुपारी शेजारी बसून कुणीतरी माझ्यासाठी टेकडीवरून पहारा ठेवायचं. ही गोष्ट सोडायची माझी तयारी नव्हती.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला खोलीभर चालायला लावलं आणि ते खूश झाले. परतताना रिक्षात मी आईला म्हटलं, बघ, डॉक्टरसुद्धा म्हणाले ना, बाथरूमची भीती आहेच, एकटीनं राहणं धोक्याचं आहे. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली.

आता गेममधल्या एका शिपायाबद्दल सांगायला हवं. धरणाच्या भिंतीवर एक चौकी होती आणि तिथे संध्याकाळी एक शिपाई पहाऱ्याला असायचा. मध्येच तो बंदूक भिंतीला टेकवायचा, कमरेवर हात ठेवून मागे वाकायचा, आणि मग एक पाय जरासा झटकायचा. आईनं दुर्बिणीतून त्याला पाहिलं आणि ठरवूनच टाकलं की याचा खुबा दुखतो. हा गेम बनवणाऱ्यांनी एकदा तयार केलेली हालचाल अनेक शिपायांना वाटलेली असते, आळशीपणाच तो, हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलंही. तिनं ते कानाआड केलं. रोज दुपारी खेळ सुरू केला की आधी धरणावर जायचं, हा उभा आहे ना ते बघायचं, आणि मग पुढे. ती चौकी आम्ही कधीच घेतली नाही.

तपासणीनंतर एके दुपारी मला धरणापलीकडे जायचं होतं. मी भिंतीच्या अलीकडे दबा धरून बसले होते आणि बंदुकीच्या दुर्बिणीतून त्याच्याकडेच बघत होते, सवय म्हणून. आई टेकडीवर होती. इतक्यात गेममध्ये धुकं उतरलं. तिच्या बाजूनं काही दिसेना. तिला तो हरवेल असं वाटलं, आणि तिला तिथून त्याच्यावर खूण करता येईना.

आमच्या भागात ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. आईनं नोकरीभर मुलांच्या जिभेवरून तो ‘ण’ घासून घासून घेतला. तिचा स्वतःचा ‘ण’ तर पितळी घंटेसारखा. पण ती घाबरली किंवा फार खूश झाली की तो निसटतो आणि ती सरळ तिच्या आईच्या गावची होते.

“खून कर,” ती घाईघाईनं म्हणाली, “खून कर त्याला, दिसंना गेलाय.”

आणि मी गोळी झाडली.

तो कमरेवर हात ठेवलेलाच खाली बसला. मग भोंगे वाजले, दिवे लागले, हेलिकॉप्टर आलं, आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीनं हात चालवत राहिले. सगळं शांत झालं तेव्हा चौकीवर कुणी उरलं नव्हतं. पडद्यावर अक्षरं झळकली की धरण आता आपल्या ताब्यात आहे. मी आईकडे वळले. तिनं कंट्रोलर मांडीवर उलटा ठेवला होता.

“मारायचा तो खून येगळा,” ती म्हणाली, “दावायची ती खून येगळी.”

मला हसू आलं. त्या अवस्थेतही तिनं व्याकरणातला लिंगभेद सोडला नव्हता. मी हसले आणि ती हसली नाही, तेव्हा मी थांबले. मी म्हटलं, तू घाबरलेली वाटलीस, मला वाटलं त्यानं तुला पाहिलं. मी म्हटलं, तो खरा नाही, आई. तिनं मान हलवली. तो खरा नाही हे तिला कळत होतं. तिला राग त्याच्यासाठी आला नव्हता.

“तुला जे करायचं असतंय तेच तुला ऐकू येतंय,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले होते, एकट्या खुशाल राहू शकतील, फक्त बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या. मी तिथंच बसले होते. तू त्यातलं बाथरूम तेवढं ऐकलंस.”

डॉक्टरांचं वाक्य मला त्या क्षणी पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं, त्यांच्या आवाजात, जसंच्या तसं. आई उठली, भिंतीला हात न लावता गॅलरीपर्यंत गेली आणि तिथे वाळत घातलेले कपडे काढायला लागली.

दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दुपारी मी एकटीनं गेम लावला. तो असा आहे की थोडा काळ गेला की रिकाम्या चौक्यांवर पुन्हा शिपाई उगवतात. घेतलेलं काही घेतलेलं राहत नाही, म्हणून लोक वैतागतात. मी धरणावर गेले. शिपाई उभा होता. त्यानं बंदूक भिंतीला टेकवली, कमरेवर हात ठेवला, मागे वाकला, पाय झटकला. मी आईला हाक मारली. ती आली आणि माझ्या शेजारी बसून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल.

“ह्यो दुसरा हाय,” ती हळूच म्हणाली.

मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिला म्हटलं, मला तू जायला नको आहेस. इतके दिवस जे बोलले नव्हते ते एकदाचं बोलून टाकलं, टीव्हीकडे बघत. ती म्हणाली, तिला ते ठाऊक आहे. ती म्हणाली, तिलाही माझ्याबरोबर राहायला आवडतं, पण आवडतं म्हणून राहिली तर काही दिवसांनी ती पुन्हा माझा हात धरून बाथरूमला जायला लागेल. एवढंच आमचं बोलणं झालं. पडद्यावर रात्र होत आली होती, नदी चमकत होती, आणि आम्ही दोघींचे सैनिक धरणासमोरच्या टेकडीवर बसवून उजेड जाईपर्यंत काहीच केलं नाही.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. आई खिडकीशी बसून सुकलेल्या रानाकडे बघत होती आणि कुठे काय पेरतात ते मला सांगत होती. बाथरूममध्ये दांडा आधीच बसवून घेतला होता. तिनं तो हलवून बघितला, दोनदा, वर्गातलं बाक तपासावं तसा. मग घर झाडायला घेतलं. मी मुक्काम केला आणि सकाळच्या बसनं परत फिरले, कारण मुलांची परीक्षा तोंडावर होती. पौर्णिमेला शेजारणीनं फोटो पाठवला. पांढऱ्या साडीत आई विहाराच्या पायरीवर उभी होती, कशालाही न धरता.

दुपारी मी पुन्हा त्या मुलखात जायला लागले. जोडीदार नसला की तो गेम आपणहून एक जवान बरोबर देतो. तो आज्ञाधारक असतो, खुणा बिनचूक करतो, आणि काहीही झालं की ‘तयार आहे’ म्हणतो. मी चालायला लागले की तो थांबतो, कारण त्याला चालता येत नाही. तो एकतर उभा राहतो नाहीतर पळतो. गेमच्या दोषांत हा मी सगळ्यात वर लिहीन. मी उजेड बघत राहायचे, आणि तो शेजारी उभा राहून तयार असायचा.

अशाच एका दुपारी मी आईला फोन केला. तिनं उचलला नाही. पुन्हा केला, उचलला नाही. शेजारीण गावाला गेली होती. मी गेम बंद केला. बाथरूम, ओली फरशी, दाराची कडी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेलं. मी क्लासला येणार नाही म्हणून कळवायचं ठरवलं, माळ्यावरून बॅग काढली आणि तिच्यात हाताला येतील ते कपडे कोंबले. चेन लावत होते तेव्हा फोन वाजला.

“पडले आज,” आई म्हणाली.

मी कुठे, कशी, लागलं का, आत्ता कुठे आहेस, सगळं एका दमात विचारलं. ती म्हणाली, भाजी घेऊन येत होते, नालीवरची फरशी हलली. कुशीवर पडले. पिशवी लांब गेली, कोथिंबीर रस्त्यावर पसरली. फळांच्या गाड्यावरचे चाचा धावत आले, त्यांनी हात पुढे केला. ती त्यांना म्हणाली, जरा थांबा, माझं मला बघू द्या. थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग गुडघा टेकला, गाड्याच्या चाकाला हात लावला आणि उठली. चाचांनी कोथिंबीर झटकून पिशवीत भरून दिली. तिथूनच रिक्षा करून दवाखान्यात दाखवून आली. बॉल जागेवर आहे, कोपर तेवढं खरचटलंय. फोन पिशवीत खाली राहिला होता म्हणून ऐकू आला नाही.

हे सगळं ती अशा आवाजात सांगत होती, जसं एखादं मूल पहिला नंबर आल्याचं सांगतं, पण फार कौतुक होऊ नये म्हणून जरा दाबून.

मी म्हटलं, मी निघालेच आहे, बॅग भरलीय, संध्याकाळच्या बसनं येते.

“येऊ नको,” ती म्हणाली. “मी सांगायला फोन केलाय, बोलवायला न्हाई.”

मी फोन कानाला धरून बॅगेशेजारी जमिनीवर बसले. मला रडू आलं, आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर हात धरला. ती पलीकडे थांबली होती. नळाचा आवाज येत होता, बहुतेक ती कोथिंबीर धुवत होती. मग तिनं विचारलं, तुझी बॅच कितीला आहे. मी म्हटलं, नेहमीचीच. मग ऊठ, ती म्हणाली, मुलं वाट बघत असतील. मी तोंड धुतलं, कपडे पुन्हा कपाटात लावले आणि क्लासला गेले.